मामूंची माल्वेसी

मामूंच्या अंगणात भेंडीला नुसतं भेंडी म्हणायची सोय नव्हती. भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि कापसाची दोन झाडं म्हणजे माल्वेसी. मिरची, वांगी, टोमॅटो आणि कोपऱ्यातला धोतरा म्हणजे सोलानेसी. कांदा, लसूण, कोरफड हे लिलियेसी. तुळस, पुदिना, सब्जा, मरवा हे लॅमियेसी. विटा तिरप्या लावून त्यांनी वाफे पाडले होते आणि प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर पांढऱ्या रंगानं त्या कुळाचं नाव लिहिलं होतं. एका कुळाचं झाड दुसऱ्या वाफ्यात गेलेलं त्यांना खपायचं नाही. कांद्याच्या वाफ्यात चुकून मिरचीचं रोप उगवलं, तर ते मुळासकट मातीचा गोळा धरून उचलायचे आणि सोलानेसीत नेऊन लावायचे. वर त्या रोपाला म्हणायचे, "घर भूल गया क्या रे?"

त्यांच्या बायकोला आम्ही तिथं खोली घेऊन राहणाऱ्या मुली खाला म्हणायचो. खालाला फोडणीला दोन मिरच्या हव्या असल्या आणि तिनं मागितल्या, तर मामू विचारायचे, कोणत्या घराण्यातून आणू? खाला तव्यावरून मान न उचलता म्हणायची, "मेरेकू मिरची होना. खानदान नक्को."

मी अकरावीला लातूरला आले ती शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका लहान गावातून. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. तेव्हा भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि लातुरात जिकडं बघावं तिकडं क्लासच्या पाट्या आणि मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो. वडील आणि मी दिवसभर खोली शोधत फिरलो. प्रत्येक घरमालक आधी दहावीचे टक्के विचारायचा. मी सांगायचे, आणि त्याचा चेहरा बघून वडील पुढच्या घराकडं निघायचे.

मामूंनी टक्के विचारलेच नाहीत. मला म्हणाले, हात मागं कर. मी वडिलांकडं बघितलं. वडिलांनी मान हलवली. मी हात मागं केले, तर मामूंनी माझ्या बोटांत कसलीशी काडी ठेवली.

"देखना नक्को. बोटानं सांग, कैसी है?"

मी ती काडी बोटांत फिरवली. कुठं परक्या ठिकाणी गेले की माझा आवाज बारीक व्हायचा, तसाच झाला. मी म्हणाले, "चौकोनी हाय. तिळाच्या धाटावानी."

मामूंनी काडी माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, चुकलं. मग त्यांनी घरात तोंड करून सांगितलं, "चाय रख. तीळ बोली ये."

काडी पुदिन्याची होती. नंतर खालानं सांगितलं, की ही परीक्षा प्रत्येक नव्या मुलीची होते. बहुतेक मुली न चाचपताच गोल म्हणतात, कारण खोड गोल असतं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. एखादी चौकोनी म्हणते. तीळ म्हणणारी मीच पहिली. तीळ त्या घराण्यातला नाही, तरी त्याचं धाट तसंच असतं, हे मामूंना ठाऊक होतं, पण कोणी मुलीनं ते आपल्या बोटानं ओळखलं याचाच त्यांना आनंद झाला होता. पुढं आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझ्याकडं बोट दाखवून "तीळवाली" म्हणून सांगत होते. मला लाज वाटायची आणि आतून फार बरंही वाटायचं.

मामू एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. तीस वर्षं. शिक्षण सातवीपर्यंत, तेही उर्दूतून. झाडांची लॅटिन नावं त्यांनी सरांच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ केली होती. 'हिबिस्कस रोज़ा सायनेन्सिस' हे नाव ते शेर म्हणावा तसं म्हणायचे, मधे थांबून, शेवटच्या शब्दाला हात वर करून. शर्टाच्या खिशात कायम एक चिमटा, पुठ्ठ्यात घातलेलं अर्धं ब्लेड आणि दोरा बांधलेलं भिंग. एका लग्नात ते नवरदेवाला भेटायला गेले आणि त्याच्या गळ्यातल्या हाराचं एक फूल चिमट्यानं उलगडत बसले. मागं रांग लागली. नवरदेव म्हणाला, मामू, काय चुकलं का फुलात? मामू म्हणाले, नाही, सगळं बरोबर आहे, मुबारक हो.

त्यांच्या हातची फुलं घेऊन परीक्षा दिलेली मुलं आता गावात डॉक्टर झाली होती. मामू दवाखान्यात गेले की आधी स्वतः प्रश्न विचारायचे. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. डॉक्टर चांगले टक्कल पडलेले. मामूंनी बाही वर सरकवायच्या आधी विचारलं, जास्वंदीला पुंकेसर किती? डॉक्टर उभे राहून म्हणाले, असंख्य, मामू, आणि सगळे एका नळीत जुळलेले.

"शाबास. अब मेरा बीपी देख."

ती बाग जिथं होती, तिथं आधी दगडमातीच्या दोन खोल्या होत्या. भूकंपात त्या पडल्या नाहीत. एका भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, इतकंच. पण मामूंनी पुढच्या आठवड्यात त्या स्वतः उतरवल्या आणि पुन्हा बांधल्या नाहीत. मी आले तोवर त्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले चढले होते आणि प्रत्येक कठड्यावर क्लासच्या मुलींचे कपडे वाळत असायचे. शेजारचे घरमालक वरून म्हणायचे, "मामू, भेंडीच्या जागेत दहा पोरी राहतील."

मामू खालून म्हणायचे, "राहतील. मग त्यांना फूल कोण दाखवणार, तुमचा जिना?"

ही त्यांची खरी तळमळ होती. आम्ही सगळ्या मुली क्लासमध्ये छापील कागद पाठ करायचो. जास्वंद: पाकळ्या पाच, रंग लाल, बाहेरच्या हिरव्या पात्या इतक्या, बीजकोशाचे खण पाच. माझ्या खोलीतली देगलूरची शीतल हा कागद डोळे मिटून एका दमात म्हणायची. तिनं जास्वंद देवघरातच पाहिली होती, उलटून कधीच नाही. मामूंचं एकच म्हणणं, आधी बघ, मग मोज, मग लिही. शीतल म्हणायची, "मामू, बघायला वेळ कुठाय?" मामू म्हणायचे, पाठ करायला किती वेळ लागला ते सांग, त्याच्या निम्म्यात बघून होतं.

निवृत्त झाल्यावरही कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षेला फुलं मामूंच्याच बागेतून जायची. आमचंही कॉलेज तेच होतं. परीक्षेच्या सकाळी ते प्रत्येक फूल हातात घेऊन उलटून बघायचे. एखादी पाकळी किड्यानं खाल्लेली, एखादी पात तुटलेली असली की फूल बाजूला. मी एकदा विचारलं, एवढ्याशानं काय होतं? ते म्हणाले, एखाद्या मुलीनं खरंच मोजलं आणि चार आल्या, तर तिचे मार्क जातील आणि न मोजणारीला मिळतील. असं माझ्या ट्रेमधून होता कामा नये.

आता जे सांगायचं आहे, त्यात माझी चूक आहे.

दिवाळीनंतर माय मला सोडायला लातूरला आली होती. तिनं अंगण बघितलं. पत्र्यावरची नावं तिला वाचता येत नव्हती, पण झाडं वाचता येत होती. ती जास्वंदीपासून अंबाडीपर्यंत गेली, मग मिरचीपासून टोमॅटोपर्यंत गेली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "समदी भावकी एका जागी बसविली की ह्यांनी. एकाला लागलं की समद्यांला लागतंय. मधी दुसरं कायतरी घालायला सांग. कांदा घाल, झेंडू घाल."

मी म्हणाले, सांगते. आणि सांगितलं नाही.

कसं सांगणार होते? ते तीस वर्षं वनस्पतिशास्त्रात होते, पिशवीभर लॅटिन नावं त्यांच्या तोंडात होती. आणि माझी माय अंगठा उठवणारी. शिवाय मला तेव्हा वाटायचं, की गावाकडचं जे काही मला येतं ते लातुरात कमी बोलावं. तीळ एकदा चुकून बरोबर आला होता.

जानेवारीच्या शेवटी जास्वंदीच्या बुंध्यावर मला मुंग्यांची रांग दिसली. रांग जिथं संपत होती, तिथं पीठ सांडल्यासारखा पांढरा ठिपका होता. मी ओळखला. आदल्याच वर्षी आमच्या कापसावर तो आला होता. पिठ्या ढेकूण. वडिलांनी कापसाच्या चार ओळी उपटून जाळल्या होत्या. मी त्या ठिपक्यापाशी उभी राहिले, क्लासची वेळ झाली होती, आणि मला वाटलं, मामूंकडं भिंग आहे, त्यांना दिसलाच असेल.

त्यांचं भिंग फुलाच्या आत बघायचं. बुंध्याकडं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

आठ दिवसांत माल्वेसीचा वाफा पांढरा झाला. जास्वंदीवरून कापसावर, कापसावरून भेंडीवर, वाळत आलेल्या अंबाडीच्या काड्यांवर. पानं चिकट झाली, कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. मामूंनी साबणाचं पाणी मारलं, तंबाखूचा काढा मारला. शेवटी एका सकाळी त्यांनी जास्वंदीची तिन्ही झाडं गुडघ्यापर्यंत छाटली, बाकीची मुळासकट उपटली आणि सगळं अंगणातच जाळलं. बाजूचे वाफे हिरवेगार होते. माल्वेसीची पाटी तेवढी तीन खुंटांच्या आणि मोकळ्या मातीच्या पुढं उभी होती.

परीक्षा पंधरा दिवसांवर. फूल माल्वेसीचंच येणार, हे ठरलेलं. मामू कॉलेजात जाऊन नव्या सरांना भेटून आले. सर काही वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं, फुलं नसली तरी हरकत नाही, जास्वंदीचे रंगीत फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक टेबलावर ठेवू, मुलं तशीही पाठच करून येतात. घरी येऊन हे सांगताना मामूंचा चेहरा कसा झाला होता, ते मी इथं लिहू शकत नाही. ते खालाला म्हणाले, "फोटोला पाठ नसते. मुलगी उलटून काय बघेल, पुठ्ठा?"

त्यांनी सरांकडून शब्द घेतला, की सोमवारी साडेदहापर्यंत एकाच जातीची सत्तर फुलं आली तर फोटो ठेवायचे नाहीत.

मग शोध सुरू झाला. मामू सकाळी पिशवी आणि भिंग घेऊन निघायचे. शेवटचे दोन दिवस क्लास बुडवून मीही गेले. त्या वेळी लोकांच्या कुंपणाबाहेर देवाला फुलं तोडणारे आजोबा लोक काठीला आकडा बांधून फिरत असायचे. त्यांतले एक मामूंना ओळखीचे. ते म्हणाले, "काय मामू, तुम्ही कधीपासून गणपतीला जास्वंद वाहायला लागलात?"

"तुमच्या नातीच्या परीक्षेला वाहायलो. दाखवा झाड."

त्यांनी दाखवलेलं झाड लालभडक भरलेलं होतं. मामूंनी एक फूल उलगडलं आणि खाली बसले. डबल जास्वंद. तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मोजायला काही शिल्लकच नसतं. शहरातल्या निम्म्या घरांत ही डबल जात, कारण दिसायला भरगच्च. उरलेल्या निम्म्यांत पिठ्या ढेकूण पोचला होता. एवढं फिरून निरोगी, एकेरी फुलांची झाडं मिळाली तीन, आणि जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं, त्यामुळं सोमवारी उमलतील अशा कळ्या त्यांच्यावर मिळून नऊ.

शुक्रवारी संध्याकाळी मामू मोकळ्या वाफ्यापाशी पालथ्या बादलीवर बसले होते. मी जाऊन उभी राहिले आणि एकदाचं सांगून टाकलं. माय काय म्हणाली होती ते, आणि मुंग्या मला पहिल्या दिवशीच दिसल्या होत्या ते.

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील.

"मालूम था तो बोली कायकू नाही?"

मी म्हणाले, तुम्हाला कसं सांगायचं.

ते चिडले. पण झाडांसाठी नाही, हे मला ते बोलायला लागल्यावर समजलं. म्हणाले, लॅबमध्ये सर फळ्यावर चुकीची आकृती काढायचे, मला दिसायचं. पण मी कोपऱ्यात ट्रे धुत उभा. शिपायानं बोलायचं नसतं. तीस वर्षांत किती वेळा गिळलं, खालाला विचार.

"मैं चुप बैठ्या क्योंकी मैं शिपाई था. तू कायकू चुप बैठी? तू तो पढ़ने आई है."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी डोक्यात एकदम उजेड पडावा तसं झालं. मी म्हणाले, मामू, भेंडी चालंल का? मायनं मार्गशीर्षात कांद्याच्या वाफ्याच्या कडंकडंनं भेंडी टोकलीय. आता फुलावर असंल. तिच्यात मधे कांदा, मेथी, झेंडू सगळंच असतंय, तिला काही लागलेलं नसंल.

मामू उठले. बादली कलंडली. भेंडी माल्वेसीच, पाच पाकळ्या, पुंकेसरांची नळी, पाच खण, सगळं तेच. ते बोटांवर मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांचा आवाज चढत गेला. खाला दारात येऊन बघायला लागली, की आज कोण आलं.

शनिवारी दुपारच्या एसटीनं मी गावी गेले. मायला सांगितलं, सत्तर फुलं पाहिजेत, सोमवारी सकाळी उमललेली. मायनं कपाळावरचा पदर मागं सारला.

"फूल खुडल्यावर भेंडी कुठून लागंल माय?"

मी म्हणाले, लागणार नाही. तिनं बोट दाखवत वाफ्यातल्या कळ्या मोजल्या. मग म्हणाली, माझ्या एकटीच्या वाफ्यात पंचवीसच्या वर न्हाईत, चल. आणि मला घेऊन गल्लीत निघाली. पाच घरांच्या परसात भेंडी होती. बायकांना पहिल्यांदा खरंच वाटेना. भेंडीच्या फुलाची परीक्षा असते, आणि ती डॉक्टर व्हायला? एक काकू म्हणाली, "अगं, आमच्या टायमाला असली परीक्षा असती तर मी बी पास झाले असते." दुसरी म्हणाली, भेंडीची आमटी करायची परीक्षा हाय का बघ, मी येते एसटीत. हसत हसत सगळ्यांनी हो म्हटलं.

रविवारी माय प्रत्येक परसात जाऊन कळ्या बघत होती. उद्या उमलणारी कोणती आणि परवाची कोणती, हे तिला नुसत्या टोकाच्या पिवळेपणावरून कळत होतं. मी दोन्ही कळ्या शेजारी धरून बघितल्या, मला फरक दिसेना. ती म्हणाली, "बगत ऱ्हा, दिसंल." पाचव्या घराच्या परसात मला दिसला. मी एवढ्यानं ओरडले की काकू घरातून बाहेर आली.

अडचण एकच होती. भेंडीचं फूल दिवस वर आल्यावर उमलतं आणि दुपारी मिटतं. आमची पहिली एसटी साडेसहाची. उमलायची वाट बघितली तर एसटी जाते, कळ्या तोडून न्याव्या तर त्या उमलतील की नाही, हे मायलाही माहीत नव्हतं. तोडलेली कळी कोण कशाला जपून ठेवील? शेवटी झुंजुमुंजू व्हायला आम्ही कळ्या खुडल्या, टोपलीत ओलं गोणपाट घालून त्यावर एकेक उभी लावली आणि वरून ओला पंचा टाकला. ब्याऐंशी भरल्या. माय म्हणाली, मी बी येते, तुला एकटीला टोपली सांभाळायची न्हाई.

एसटीत टोपली आम्ही दोघींच्या मांडीवर घेतली. कंडक्टरनं विचारलं, कोंबडी हाय का? मायनं सांगितलं, परीक्षा हाय. मी दर दहा मिनिटांनी पंच्याचं टोक उचलत होते. कळ्या घट्ट. चाकूरच्या बाजारचे दोन म्हातारे पुढच्या बाकावरून वळून बघायला लागले. सूर्य वर आला आणि खिडकीतून ऊन टोपलीवर पडलं. माय म्हणाली, पंचा काढ, त्यांला ऊन दिसू दे. मी पंचा काढला. अर्धी वाट झाली असेल, एका कळीची पिवळी गुंडाळी जरा सैल झाली. मग दुसरी. मग एका बाजूच्या पाच-सहा, डोळ्यांदेखत. म्हातारे उठून उभे राहिले. एक म्हणाला, जन्मभर भेंडी खाल्ली, तिला उमलताना पहिल्यांदा बघायलो. कंडक्टरनं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, गचके कमी दे, मागं फुलं हायत.

लातूरच्या स्टँडवर मामू उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात कॉलेजचा पांढरा ट्रे, त्यावर ओलं फडकं. त्यांनी आम्हाला या म्हटलं नाही की काही नाही. टोपलीतून एक फूल चिमट्यानं उचललं. फिकट पिवळं, आत गळ्याशी गर्द जांभळं. गर्दीच्या मधोमध उभं राहून ते उलटून बघितलं, मोजलं.

"पूरा है," ते म्हणाले. "एकदम पूरा."

सव्वादहाला ट्रे सरांच्या टेबलावर होता. अठ्ठ्याहत्तर फुलं उमललेली. सरांनी एक हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि टेबलांवर मांडलेले पुठ्ठे स्वतःच गोळा करून कपाटात ठेवले.

परीक्षा सुरू झाली. माय बाहेर व्हरांड्यात टोपली घेऊन बसली होती. मामूंना आत थांबायची परवानगी होती, बोलायची नव्हती. मी फूल उलटून खालच्या हिरव्या पात्या मोजल्या. नऊ आल्या. क्लासच्या कागदावर नऊ नव्हत्या. पुन्हा मोजल्या, नऊच. मी नऊ लिहिलं. शेजारच्या टेबलावर शीतल भराभर लिहीत होती, आणि तिच्या समोर पिवळं फूल असताना तिनं पाकळ्यांचा रंग लाल लिहिला. अर्ध्या बॅचनं लाल लिहिला, हे नंतर कळलं. मामू टेबलांमधून फिरत होते, उत्तरपत्रिकेवरचं ते 'रेड' त्यांना दिसत होतं, आणि ते ओठ घट्ट मिटून छताकडं बघत होते. शीतलपाशी ते थांबले. फक्त तिच्या फुलाची बशी एका बोटानं तिच्या जवळ सरकवली. शीतलनं वर बघितलं, मग फुलाकडं बघितलं, आणि जीभ चावून खोडरबर शोधायला लागली.

आमची बॅच संपली. सरांनी मामूंना विचारलं, तुमची बाग तर गेली म्हणत होता, ही फुलं कुठली? मामूंनी व्हरांड्याकडं हात केला आणि मायला आत बोलावलं. ती चपला बाहेर काढून आली. मामूंनी भिंगाच्या स्टँडखाली भेंडीच्या बीजकोशाचा एक काप ठेवला होता.

"बाई, इसमें देखो. क्या दिखता?"

माय वाकली. एक डोळा मिटायला तिला थोडा वेळ लागला.

"पाच खण हायत."

सर चकित झाले. मामू तोंड उघडून काहीतरी सांगणार होते, तेवढ्यात माय सरळ होत म्हणाली, "ह्याला भिंग कशाला? मी तर रोज चिरते."

सर मोठ्यानं हसले. मामू हसले नाहीत. त्यांनी खिशातून पुठ्ठ्यातलं ते अर्धं ब्लेड काढलं, जे ते कोणाच्या हातात देत नसत, आणि एका फुलासकट मायच्या पुढं धरलं. मायनं बीजकोश चिमटीत धरला, दोनदा ब्लेड फिरवलं. काप इतका पातळ आला की त्यातून टेबलाचा रंग दिसत होता. आम्ही वर्षभर सराव करून असा एक कापला नव्हता. मामूंनी तो पाण्याच्या थेंबात तरंगवून भिंगाखाली ठेवला.

दुसरी बॅच दाराशी उभी होती, हातात छापील कागद, ओठ हलताहेत.

"कागद बाहर," मामू म्हणाले. सरांनी त्यांना थांबवलं नाही. "पहले इधर आओ. ऐसा काटते. देखो."

मुली एकेक करून भिंगापाशी वाकायला लागल्या. त्यांतल्या एकीनं मायकडं बघून मला हळू आवाजात विचारलं, ह्या कोण, नव्या मॅडम आहेत का?

"माझी माय हाय," मी म्हणाले. ते इतकं मोठ्यानं निघालं, की सगळी लॅब वळून बघायला लागली.